पाचातली एक येळ

उत्रोलीच्या सोनबाच्या गोठ्यात पहिल्यांदा शिरणाऱ्या माणसाला वाटे, भिंतीवर कुणीतरी गेरूने रेघोट्या मारून ठेवल्यात. पंधरा उभ्या रेघा होत्या, जमिनीपासून वर निघालेल्या. बहुतेक कमरेला लागत, एकदोन त्याहून उंच होत्या, आणि तीन मात्र गुडघ्याच्या जरा वर येऊन थांबल्या होत्या.

सोनबा भोरच्या कचेरीत शिपाई होता. कचेरीच्या आवारात तांब्याचं एक नळकांडं पुरलेलं होतं. रोज सकाळी आठच्या ठोक्याला त्याच्यातल्या बाटलीचं पाणी मापाच्या काचेत ओतायचं आणि आकडा कारकुनाला सांगायचा, हे पावसाळ्यात त्याचं पहिलं काम. आकडा पुढे कुठे जातो हे त्याला कधी कुणी सांगितलं नाही. पण पंधरा वर्षं जे आपल्या हातून गेलं ते थोडं आपल्याजवळही उरावं असं त्याला वाटे. म्हणून तो घरी आला की एक इंच पावसाला एक बोट, अशा मापाने भिंतीवरची रेघ वाढवी. नक्षत्र पालटलं की तिथे आडवी खूण करी. गावातले लोक म्हणत, सोनबा पाऊस गोठ्यात बांधून ठेवतो.

त्या भिंतीकडे नीट पाहिलं ते एकट्या बयाबाईने.

बयाबाई वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या कुशीतल्या वाडीवर राहणारी मेंढकी. चाळिशी ओलांडलेली, नवरा वारलेला, मेंढरं बेचाळीस. तिचा दीर रायबा हा त्यांच्या वाड्याचा कारभारी. वाडा म्हणजे एकत्र फिरणारी दहा-बारा बिऱ्हाडं, त्यांची घोडी, कुत्री आणि चारशे मेंढरं. वैशाखात हा वाडा उत्रोलीच्या भातखाचरांत उतरे, रात्री मेंढरं शेतात बसवून जमिनीला खत देई, आणि मृग लागायच्या आत फलटणच्या बाजूला देशावर निघून जाई. मावळातला पाऊस मेंढराला सोसत नाही. चिखलात खुरं सडतात, लोकर वाळत नाही, आणि जनावर उभं राहायचंच विसरतं. कापूरव्होळच्या पुढे बाभळी लागतात. पावसाळ्यात बाभळीच्या अलीकडे मेंढरू ठेवायचं नाही, हा वाड्याचा नेम होता आणि तो कुणी मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्या साली वाडा गेनबाच्या शेतात बसला होता. वेधशाळा सिमल्याहून पुण्याला येऊन दोन-चार वर्षं झाली होती आणि तिचा पावसाचा अंदाज जूनच्या सुरुवातीला वर्तमानपत्रात येऊ लागला होता. सोनबाने कचेरीतला शिळा अंक आणला आणि संध्याकाळी गेनबाच्या अंगणात अक्षर लावत वाचला.

"द्वीपकल्पात यंदाच्या मोसमात पाऊस सरासरीपेक्षा कमी पडण्याचा संभव आहे."

"कुठं?" गेनबाने विचारलं.

"द्वीपकल्पात."

"ते कुठल्या तालुक्यात येतं?"

"द्वीप म्हंजी बेट," रायबा म्हणाला. त्याने कीर्तनात ऐकलं होतं. "बेटात पाऊस कमी पडनार म्हनं."

"अगं बाई! कळकाच्या बेटात?" गेनबाची बायको धोंडाबाई दारातून म्हणाली. "आमच्या परसात हाय की कळकाचं बेट, धा-बारा बांबूंचं. तेवढ्याला घागरीनं पानी घालू!"

सगळे खो खो हसले. सोनबासुद्धा हसला, कारण त्याला तरी तो शब्द कुठे कळला होता? हसली नाही ती बयाबाई.

"सोनबादादा," ती म्हणाली, "उद्या कचेरीत इचारा. त्या बेटात आपुन हाय का न्हाई, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी सोनबा घरी न जाता सरळ तिच्या पालावर आला.

"कारकूनसायबानं नकाशा दावला. तीन अंगांनी समुद्र आनि मधी जमीन, ते द्वीपकल्प. म्हनले, कुठंबी आंगठा ठेव. म्या भोरावर ठेवला. आंगठ्याखाली भोर गेलं, वेल्हं गेलं, फलटन बी गेलं."

"म्हंजी सगळेच त्यात."

"सगळेच."

"आनि संभव म्हंजी?"

"ते बी इचारलं. असला अंदाज पाचातल्या चार येळा खरा व्हतो म्हनं. एक येळ चुकतो."

बयाबाईने काठी हातात घेतली. मग म्हणाली, "त्या एका येळी काय करायचं ते लिवलंय का खाली?"

"न्हाई बा. ते काय लिवत न्हाईत."

"मग ते आपलं आपुनच बगायचं. चला, तुमची भिंत दावा."

तिच्या मनात काय होतं ते सांगायला हवं. नऊ वर्षांमागे वाडा नेहमीसारखा देशावर गेला आणि तिकडे पाऊसच आला नाही. गवत उगवलं नाही, बाभळीच्या शेंगा संपल्या, आणि बयाबाईच्या एकशेवीस मेंढरांतली तीस जिवंत परत आली. त्याच साली तिचा नवरा आजारी पडला तो उठला नाही. वाड्यातले लोक त्या वर्षाला हाडकाचं साल म्हणत. तिसाची बेचाळीस करायला तिला नऊ वर्षं लागली होती. ही बेचाळीस पुन्हा तीस होऊ द्यायची नाहीत, एवढी एकच गोष्ट तिला पक्की ठाऊक होती.

गोठ्यात तिने तीन बुटक्या रेघांवर एकेक बोट ठेवलं. "ह्यातली हाडकाच्या सालाची कुठली?"

"ही. सव्वीस बोटं."

"म्हंजी त्या साली हितं, भोराला, सव्वीस बोटं पडला. आनि फलटनला?"

"तिथली बाटली माज्याकडं न्हाई."

"माज्याकडं हाय," ती म्हणाली. "म्या तिथं व्हते. धूळ बसंल एवढाबी न्हाई पडला. सोनबादादा, चांगल्या सालाला हितं पंचेचाळीस बोटं पडतो आनि मेंढरू मरतं. सव्वीस बोटांत मेंढरू मरंल का?"

सोनबा विचारात पडला. त्याच्या डोक्यात पाऊस म्हणजे एक आकडा होता, त्या आकड्याखाली कुणी उभं असतं हे त्याने कधी धरलं नव्हतं.

"सव्वीस म्हंजी, माज्या अदमासानं, चांगल्या सालाला पार शिरवळाच्या पल्याड पडतो तेवढा," ती पुढे म्हणाली. "आनि तिथं आमी मेंढरं चारतो. म्हंजी कमी पावसाच्या साली बाभळी जागच्या हालत न्हाईत, पर बाभळीची हद्द हिकडं सरकती. पार उत्रोलीवर येती."

तीन बुटक्या रेघांवरच्या नक्षत्रांच्या खुणा तिने बोटांनी मोजल्या. पुनर्वसूच्या पावसाला तिकडे तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्याला म्हातारा. तरणा सरेपर्यंत तिन्ही बुटकी सालं एका वितीच्या आत होती. चांगल्या सालांतलं मात्र एकही दीड वितीच्या खाली नव्हतं. तिने काठी भिंतीला लावली, जमिनीपासून वीतभर उंचीवर अंगठा धरला आणि विळ्याने काठीवर तिथे खाच पाडली.

"तरना सरायच्या आत पाऊस ह्या खाचेला लागला, तर ती पाचातली एक येळ. मग म्या उठून बाभळीत जानार. न्हाई लागला, तर दसऱ्यापतुर हितंच."

गेनबाने ऐकलं आणि दाढी खाजवली. त्याची वरची तीन खाचरं कमी पावसाच्या साली कधीच पिकत नसत. लावणीच्या वेळी पाणी तुंबायचं नाही आणि रोप पिवळं पडायचं. ती तशीच गवताला सोडली आणि मेंढरं पावसाळाभर त्यांच्यावर बसली, तर पुढच्या साली भात कमरेएवढं वाढलं असतं. धोंडाबाई म्हणाली, "कळकाच्या बेटापायी तीन खाचरं?" पण गेनबाचं ठरलं. खालची चार लावायची आणि वरची तीन राखायची.

रायबाला हे कळलं तेव्हा वाडा उठायची तयारी चालली होती. घोड्यांवर ओझी चढत होती.

"वहिनी, तुमी येत न्हाई म्हनं."

"न्हाई, भाऊजी."

"मेंढरं मावळात कुजत्यात ते आमी सांगावं व्हय तुमाला?"

"ती देशावर वाळत्यात, ते बी आपुन दोगांनी बगितलंय. यंदा तुमी बी ऱ्हावा. निम्मं तरी ठेवा हितं."

"कागदावर इस्वास ठेवून?"

"कागदावर न्हाई. कागद, भिंत आनि हाडकाचं साल, तिन्हीवर."

रायबा वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या मागे दहा बिऱ्हाडं उभी होती आणि ती ऐकत होती. "वाडा मोडून ऱ्हानाऱ्याला वाड्याची कुत्री न्हाईत, वाड्याच्या चुलीतला इस्तू न्हाई," तो म्हणाला. "दसऱ्याला परत घ्यायचं का न्हाई, ते तवा बगू."

"बगा की. म्या बी बगंन," बयाबाई म्हणाली आणि तिने आपली बेचाळीस मेंढरं वेगळी काढली. कुणीतरी मागून ओरडलं, "बेटाची रानी ऱ्हायली गं बेटावर!" आणि वाडा हसत हसत निघून गेला.

मृग कोरडा गेला. आर्द्राही बेतानेच. सोनबाच्या भिंतीवर रेघ चार बोटं वर आली आणि तिथे रेंगाळली. वरच्या खाचरांत बारीक, गोड गवत आलं. मेंढरं कोरड्या पायांनी चरत होती. धोंडाबाईने एक दिवस आपणहून ताक आणून दिलं आणि म्हणाली, "बया, तुजं बेट खरं निगालं बग." बयाबाई ताक प्याली, पण काठीवरची खाच तिने बोटाने चाचपली. तरणा अजून यायचा होता.

तरणा आला तो आडवातिडवा आला. तीन दिवसांत चार बोटं. बांधांवरून पाणी वाहू लागलं. गेनबाच्या राखलेल्या तिन्ही खाचरांत असं पाणी तुंबलं की आणखी दोन दिवसांत लावणी झाली असती. धोंडाबाई दारात उभी राहून ते पाणी बघे आणि ताकाचा तांब्या आता घरातच ठेवी. दोन मेंढरं पाय उचलून चालू लागली. तिसरं बसलं ते उठलं नाही.

पाचव्या दिवशी बयाबाई भिजत गोठ्यात गेली आणि काठी भिंतीला लावली. रेघ खाचेच्या खाली एक बोट होती. तरणा सरायला अजून आठवडा होता.

दोन दिवसांनी ती पुन्हा गेली. रेघ खाचेला लागली होती.

"आता?" सोनबाने विचारलं.

"आता जायाचं."

"अगं, आज-उद्या उघडंल. आनि आता गेलीस तर रायबा काय म्हनंल? तो म्हनला तेच खरं झालं म्हनंल. त्याला तोंड कसं दावशील?"

खरी कळ इथे होती. चिखलात पाय रोवून राहणं तिला सोपं होतं. आठ दिवस सगळ्या गावाने तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं, आणि हटून राहिली असती तर निदान कुणी तिला भित्री म्हटलं नसतं. पण ही खाच तिने कोरड्या दिवशी, शांत डोक्याने पाडली होती. आज पावसात भिजताना, लोकांच्या हसण्याने कान तापलेले असताना ती खाच खोटी ठरवायची, तर मग काठी कशाला, भिंत कशाला?

"सोनबादादा, म्या रायबासाठी ऱ्हायले न्हाई," ती म्हणाली. "आनि त्याच्यासाठी म्या मरनार बी न्हाई. खाच लागली. संपलं."

त्याच सकाळी ती निघाली. बेचाळीसांतली तीन गेली होती. पाय धरलेल्या दोघांना तिने आपल्या घोडीवर टाकलं, एकेका पोत्यात एकेक, फक्त मुंडकी बाहेर. गेनबा वेशीपर्यंत आला. "खाचरांचं काय करू आता?" त्याने विचारलं.

"लावनी व्हत असंल तर लावा, गेनबादादा."

"रोप कुठं उरलंय? जादा टाकलंच न्हाई."

"मग गवत कापून वाळवा. कागद चुकला. म्या तुमाला म्हनले न्हवते का, पाचात एक येळ चुकतो?"

"म्हनली व्हतीस," गेनबा म्हणाला. "पर ती येळ माज्याच खाचरांत यावी असं न्हवतं म्हनलं." आणि तशा पावसात दोघंही हसली.

कापूरव्होळ गाठायला दोन दिवस लागले. वाटेत आणखी दोन मेंढरं गेली. पुढच्या दिवशी पहिल्या बाभळी दिसल्या आणि जमीन पायाला घट्ट लागली. सदतीस मेंढरं अंग झाडून उभी राहिली. ती पुढे फलटणला गेली नाही. बाभळी सुरू होतात तिथेच थांबली, आणि त्या साली तिथेही गवताला तोटा नव्हता.

दसऱ्याला वाडा परत आला. देशावर असा पाऊस कुणी पाहिला नव्हता. मेंढरं गुबगुबीत, पाठीवर लोकर दाट, आणि एकही जनावर कमी नाही. उत्रोलीच्या माळावर पालं पडली, तेव्हा बयाबाई आपली सदतीस घेऊन तिथे आधीच बसली होती.

संध्याकाळी रायबाने सगळ्यांना बोलावलं. मधोमध बिरोबाचा भंडारा ठेवलेला, हळदीची ती पिवळी वाटी. गेनबा, धोंडाबाई आणि सोनबाही येऊन बसले.

"वहिनी, पाच मेंढरं घालवलीत," रायबा म्हणाला. आवाज मऊ होता. "जाऊ द्या. तुमी आमच्याच. भंडारा उचला, आनि एवढंच म्हना की परत कागदाचं ऐकनार न्हाई. इस्तू तुमचा, कुत्री तुमची, सगळं पयल्यावानी."

"म्हन की गं," बाया कुजबुजल्या. "चार शब्दांचा तर परश्न हाय."

बयाबाई उठली. तिने भंडारा चिमटीत घेतला. तो हातात असताना खोटं बोलायचं नसतं, हे तिथल्या तान्ह्या पोराला माहीत होतं.

"म्या परत इचारनार," ती म्हणाली.

रायबाने भंडाऱ्याची वाटी आपल्याकडे ओढली.

"मृगाच्या आधी सोनबादादाला इचारनार, कागद काय म्हनतो. मग भिंत बगनार. मग काठीवर खाच पाडनार. खाच ऱ्हा म्हनली तर ऱ्हानार, जा म्हनली तर जानार. यंदा म्या पाच मेंढरं घालवली, ती माजीच व्हती. हाडकाच्या साली आपल्या वाड्यानं किती घालवली, भाऊजी? तवा कुनी भंडारा उचलला व्हता का, की परत देशाला जानार न्हाई म्हनून?"

रायबाचा चेहरा लाल झाला. "ते साल येगळं व्हतं."

"समदी सालं येगळीच असत्यात. म्हनून तर इचारायचं."

"मग वाड्यात जागा न्हाई, वहिनी."

"नसू दे." तिने भंडारा आपल्या कपाळाला लावला, उरलेला पुढच्या मेंढीच्या डोक्यावर टाकला आणि कळपाला हाळी घातली. सदतीस मेंढरं उठली आणि तिच्यामागे गेली. या वेळी कुणी "बेटाची रानी" म्हटलं नाही.

मेंढरं तिने सोनबाच्या परसात घातली. तो मागोमाग धापा टाकत आला.

"यंदाची रेघ किती झाली?" तिने विचारलं.

सोनबा चाचरला. "त्रेपन्न बोटं. पर म्या म्हनतो, बया, म्हाताऱ्याच्या पुढं म्या काढलीच न्हाई. ऱ्हाऊ दे तशीच. आधीच उत्रोली हसती तुला. शंभर हात लांबून दिसंल अशी रेघ कशाला काढू?"

बयाबाईने त्याच्या हातातला गेरू घेतला. दिवा लागायच्या आधीचा उजेड गोठ्याच्या दारातून भिंतीवर पडला होता. तिने बोटं मोजत मोजत रेघ वर नेली, कमरेच्या वर, पंधराही रेघांच्या वर, आणि त्रेपन्नाव्या बोटाला थांबली. सबंध भिंतीवरची सगळ्यात उंच रेघ. तिचा अंदाज चुकला होता असं सांगणारी, आणि ती तिने स्वतःच्या हाताने ओढलेली.

"ही आखूड ठेवली," ती म्हणाली, "तर पुडच्या साली म्या कशावर खाच पाडू?"

मग ती खाली वाकली. रेघेच्या पायथ्याशी, जमिनीलगत, तिने एक फुली मारली. फुलीच्या शेजारी थोडी थोडी जागा सोडत चार ठिपके दिले.

"हे काय?" सोनबाने विचारलं.

"कागद कवा खरा, कवा खोटा. फुली म्हंजी चुकला. हे चार ठिपके पुडच्या चार सालांचे, रिकामे. पाचात चार येळा खरं म्हनत्यात न्हवं ते? आपुन मोजून बगू." तिने गेरूचा खडा त्याच्या हातात ठेवला. "आनि कारकूनसायबाला सांगा, उत्रोलीत बी मोजत्यात म्हनावं."